कौल थांबवून उठलेले मानकरी

तुमच्या पणजोबांची लघवी अडली होती. हे वाक्य मी मुद्दाम सर्वांत आधी लिहिलं आहे. आमच्या घरात ते उच्चारायला इतका उशीर झाला की माणूस हातचा जात होता. मी हे लिहायला घेतलं आहे असं कळल्यावर तुमचा बाप फोनवर म्हणाला, ‘आई, आजोबांचं दुसरं काही आठवत नाही का तुला?’ आठवतं. पोहणं आठवतं, शिडं शिवणं आठवतं. पण लिहिणार आहे ते हेच.

त्या काळी मालवणच्या बाजूला लघवीला लघवी कोणी म्हणत नसे. बाईमाणसांसमोर तर नाहीच. ‘जरा माडाखाली जाऊन येतो’ म्हणायचं, किंवा काहीच न म्हणता पाण्याचा तांब्या उचलायचा. माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, तांब्या उचलणाऱ्यांपैकी होते. त्यांना मी मामंजी म्हणत असे. तरुणपणी गलबतावर होते, कालिकतपासून कराचीपर्यंतची बंदरं पाहिलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा समुद्र सोडून शेती आणि माड बघत होते. माझे यजमान मुंबईला नोकरीत. घरात मामंजी, सासूबाई, मी आणि लहान मुलं. अंगणापलीकडच्या घरात मामंजींचे धाकटे भाऊ. त्यांना सगळे काका म्हणत.

मी मालवणात इंग्रजी शाळेत शिकून मॅट्रिक झालेली. शिक्षणाचा उपयोग सासरी धोतरं वाळत घालण्यासाठी होत होता, पण धोतरं वाळत घालणाऱ्या बाईला पुष्कळ काही कळतं. मामंजींच्या धोतरावर पुढच्या बाजूला थेंबांचे पिवळट डाग पडू लागले होते. पूर्वी ते माडाखाली जाऊन लगेच परत येत. आता जाऊन उभेच राहत. मी भांडी घासून संपवावीत आणि ते अजून तिथेच पाठमोरे, एक हात माडाला टेकलेला. परत आले की थोड्या वेळाने पुन्हा तांब्या. जेवताना पाण्याचा पेला भरलेला तसाच राहू लागला. पाणी प्यायलं की जावं लागतं, म्हणून त्यांनी पिणंच सोडलं होतं. मी हे सगळं बघत होते आणि सासूबाईही बघत होत्या. बोलत कोणीच नव्हतं.

आता देवळाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या गावात देवाचा पहिला मान आमच्या घराकडे. वार्षिक जत्रेच्या सकाळी गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गावाचा प्रश्न देवासमोर मांडतो. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. याला कौल म्हणतात. कौल संपेपर्यंत मानकऱ्याने विहिरीवर अंघोळ करून, सोवळ्यात, डाव्या खांबाशी मांडी घालून बसायचं. उठायचं नाही. लघवीला गेलाच, तर पुन्हा अंघोळ केल्याशिवाय आत येता येत नाही, आणि तोवर कौल थांबवावा लागतो. थांबलेला कौल अपशकुनी. त्यामुळे आजवर कोणी उठला नव्हता. म्हातारे मानकरी काय करत, तर आदल्या दिवसापासून पाणी बंद करत. मानकरी म्हणजे दमाचा माणूस, अशी व्याख्याच होऊन बसली होती.

त्या वर्षी कौल लांबला. पाकळी पडेना. ऊन डोक्यावर आलं तरी मामंजी खांबाशी ताठ बसलेले. मला बायकांच्या बाजूने दिसत होते. थंडीचे दिवस असूनही त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता. शेवटी पाकळी पडली, लोक सुटले, मामंजी पाय फरफटवत घरी आले आणि थेट माडाखाली गेले. बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा तांब्यातलं पाणी तसंच होतं.

संध्याकाळपर्यंत त्यांचं ओटीपोट दगडासारखं झालं. ओटीवर काका आणि चार शेजारी जमले. आता आमच्या किनाऱ्यावर लघवीच्या कुठल्याही तक्रारीला औषध एकच, शहाळं. जळजळ झाली, शहाळं. कमी झाली, शहाळं. काकांनी माडावर माणूस चढवला आणि एकामागून एक शहाळी फोडून मामंजींना पाजायला सुरुवात केली. सासूबाईंनी गोखरूचा काढा उकळला. कोणीतरी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा बोलला, कारण मामंजी नकळत त्याच्या जागेत लघवीला बसले असतील असा त्याचा तर्क. उजाडलं तरी थेंब नाही. मामंजी भिंतीकडे तोंड करून कण्हत होते आणि काका म्हणत होते, ‘आजून एक फोड रे, सुटतला आता.’

मी ओटीवर गेले.

‘काका, तेंका आता शहाळा देव नकात.’

सून ओटीवर येऊन पुरुषांत बोलते हेच आधी कोणाच्या पचनी पडलं नाही.

‘तू आत जा गो,’ काका म्हणाले. ‘ह्या बापयांचा काम.’

‘बापयांचा काम बापयांका जमना नाय, म्हणान मी इलंय. खालसून बूच बसला आसा आणि तुमी वयसून ओततास. फुटतला ना भांडा!’

एक शेजारी हसला. काकांचा चेहरा लाल झाला होता. ‘शिकलेली सून आणली, आता ती माका मुतूक शिकवतली!’

‘शिकवतंय. आधी गाडी जुपा.’

गाडी जुंपायला सांगितली ती खरं तर सासूबाईंनी. माजघराच्या दारातून त्यांचा आवाज आला, ‘जुपा म्हणता ना ती? मगे जुपा.’ त्या कधी इतक्या मोठ्याने बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. मग मला आत ओढून त्यांनी कानात विचारलं, ‘गो, परमो तर नाय ना?’

तेव्हा मला कळलं की इतके महिने घर कशाला भीत होतं. परमा म्हणजे बाहेरख्यालीपणातून होणारा रोग. त्यात लघवीची वाट आतून आकसते. गलबतावर गेलेल्या माणसाची लघवी अडली की किनाऱ्यावर सगळे एकच अर्थ लावत. सासूबाई तो अर्थ मनात घेऊन गप्प होत्या, आणि लोक तो लावतील म्हणून मामंजी गप्प होते.

मालवणच्या डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? काकांनी सांगितलं, ‘पोटात वारो धरलोहा.’ कधीपासून? ‘कालपासून, जेवणात काय तरी इला.’ मामंजी डोळे मिटून पडलेले. मी सासूबाईंच्या मागून पुढे झाले.

‘डॉक्टर, त्यांची लघवी काल दुपारपासून पूर्ण बंद आहे. त्याआधी कित्येक महिने धार बारीक होती, सुरू व्हायला वेळ लागायचा, झाल्यावरही थेंब गळायचे. पाणी पिणं त्यांनी सोडलं होतं. काल सकाळभर देवळात धरून बसले. रात्रभर शहाळी पाजली आहेत.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. ‘वारा नाही हा,’ एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पडदा ओढला. त्यांनी रबराची नळी घातली. थोड्या वेळाने इनॅमलच्या भांड्यात धार पडल्याचा आवाज आला. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. डॉक्टर एकदम सगळी काढत नव्हते. सासूबाईंनी नवसाची म्हणून पदराला गाठ मारून ठेवली होती. ती तिथेच बाकावर बसून त्यांनी सोडली. आतून मामंजींचा आवाज आला, ‘आये गे!’ पण तो दुखण्याचा नव्हता.

मग मी डॉक्टरांना सासूबाईंचा प्रश्न विचारला. इंग्रजीत विचारला, कारण काका शेजारीच उभे होते. डॉक्टरांनी उत्तर मात्र खणखणीत मराठीत दिलं.

‘नाही. हा परमा नाही. बोटाने तपासलं आहे मी. मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषांना एक गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात. लघवीची नळी तिच्या मधून जाते. उतारवयात ती गाठ वाढते. केस पिकतात ना, तसंच. यांच्या सुपारीएवढ्या गाठीचं लिंबू झालं आहे. नळी चेपली गेली. त्यात काल धरून ठेवलं, मूत्राशय ताणलं आणि आकुंचन पावायचंच विसरलं.’

मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. लघवी अडायला कारणं पुष्कळ असतात. मुतखडा असतो, जुन्या माराने किंवा रोगाने आकसलेली नळी असते, मधुमेहाने बधिर झालेल्या शिरा असतात. नुसता कोठा साफ नसला तरी अडते. सर्दीच्या काही औषधांनीही अडते. कोणतं कारण आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितल्याशिवाय कोणी तपासत नाही. पाणी तोडणं ही सगळ्यांत मोठी चूक. लघवी गढूळ होते, जंतू धरतो. आणि पूर्ण बंद झाली असेल तर वरून पाणी पाजणं ही त्याहून मोठी. काका बाहेर जाऊन विडी ओढत उभे राहिले.

मूत्रपिंडांवर ताण आला होता. ती सावरेपर्यंत नळी ठेवायची आणि मग मुंबईला जाऊन गाठ काढायची, असं ठरलं. आम्ही बोटीने निघालो. नळीचं दुसरं टोक एका काचेच्या बाटलीत सोडलेलं, बाटली कापडी पिशवीत, पिशवी मामंजींच्या मांडीशी. त्या दिवसांत मुंबई इलाख्यात दारूबंदी होती आणि गोव्याकडून चोरटी दारू येई. मुंबईच्या धक्क्यावर एका पोलिसाची नजर पिशवीवर गेली.

‘बाटलीत काय आहे, बाबा?’

मामंजींनी मान खाली घातली. शेजारून लोक उतरत होते, त्यांतले निम्मे आमच्याच तालुक्यातले.

‘लघवी आहे,’ मी म्हणाले. ‘हवं तर वास घेऊन बघा.’

पोलीस दोन पावलं मागे सरकला. मामंजींनी वर पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं रडताहेत. मग त्यांच्या तोंडून हसू फुटलं, इतकं की त्यांना पिशवी सांभाळता येईना. ‘वास घे म्हणता!’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ‘पोलिसाक वास घे म्हणता!’ मला वाटतं, त्यांची लाज त्या धक्क्यावर समुद्रात पडली.

शस्त्रक्रिया सोपी नव्हती. पोट उघडून गाठ काढत त्या वेळी. रक्त गेलं, ताप आला, खूप दिवस खाटेवर काढावे लागले. पण नळी निघाली त्या सकाळी मामंजींनी वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात यजमानांना सांगितलं, ‘झिला, धार बघ! कोवळ्या पोरासारखी!’

गावात मात्र आमच्या आधी बातमी पोचली होती. मुंबईत कापल्यानी म्हणजे परमोच आसतलो. कराचीची बायल. असल्या गजाली विहिरीवर चालत. मी पाण्याला गेले की बंद होत. पाऊस संपून जत्रा जवळ आली तसे गावकरी देवळात बसले आणि निर्णय घेऊन काका आमच्या ओटीवर आले. बाटलीत मुतलेलं, कापलेलं शरीर देवाच्या खांबाशी बसणं बरं नव्हे. आणि पुन्हा पुन्हा उठावं लागलं तर कौल थांबेल. यंदापासून मानाला काका बसतील.

हा मान मामंजींच्या बापाकडून आलेला होता. गेला असता तर नुसती जागा गेली नसती. गावाने परम्यावर शिक्का मारल्यासारखं झालं असतं आणि तो शिक्का घेऊन त्यांना मरावं लागलं असतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामंजींनी हात वर केला.

‘बरा,’ ते भावाला म्हणाले. ‘बघूया.’

मला राग आला. ‘मामंजी, बरा काय म्हणतास?’

‘गो बाय, पोलिसाक तू बोललंस. देवाक माका बोलूक दी.’

जत्रेच्या सकाळी त्यांनी विहिरीवर अंघोळ केली, सोवळं नेसले आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तांब्याभर पाणी प्यायले. देवळाच्या पायरीवर उभे राहून, सगळ्यांच्या देखत. मग आत जाऊन डाव्या खांबाशी बसले. काका अजून पायरीवर पाय धूत होते. आत येऊन बघतात तर जागा भरलेली. सख्ख्या थोरल्या भावाला देवासमोर ऊठ म्हणायचं धाडस काकांना झालं नाही. काका मागे सरून दुसऱ्या रांगेत बसले.

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्या आवाजात घातलेलं साकडं. प्रत्येक मागणीनंतर सगळा गाव एका तोंडाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. शेतीभातीचं झालं, गुरांचं झालं, मुंबईकर चाकरमान्यांचं झालं, दर वेळी ‘व्हय म्हाराजा’ घुमत होतं. गुरवाने श्वास घेतला आणि त्या फटीत मामंजी उभे राहिले. गलबतावर वाऱ्यातून हाक मारायचा तो जुना आवाज त्यांनी लावला.

‘बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराक उतारवयात गाठ झाली. परमो नाय, म्हातारपण. डॉक्टरान ती काढली. आता माका मुतूक लागला आसा. धरून बसलंय तर मरान. जावन, न्हावन येतंय. तवसर तू थांब!’

आणि गावाने, सवयीने, एका तोंडाने म्हटलं, ‘व्हय म्हाराजा!’

म्हणून झाल्यावर लोकांना कळलं आपण काय म्हटलं. बायकांच्या बाजूला सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. मामंजी शांतपणे पायऱ्या उतरून गेले. गुरव पाषाणाशी तसाच उभा. गाव बोलून बसला होता. आता थांबण्याखेरीज इलाज नव्हता.

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक म्हातारे गुडघ्यावर हात ठेवून उठले. ‘थांबलोच आसा तर मी पण जावन येतंय.’ त्यांच्यामागून दुसरे. मग दोघे एकदम. विहिरीवर रहाटाचा करकराट सुरू झाला. अपशकुनाचं कोणी बोललं नाही, कारण बोलणारेच विहिरीवर होते. शेवटी दुसऱ्या रांगेतून काका उठले, कोणाकडे न बघता.

मामंजी अंगावरून पाणी निथळत परत आले आणि खांबाशी बसले. बाकीचेही एकेक करून आले. काकांची जागा रिकामीच होती. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं धरलं. उजवीकडची पाकळी लगेच पडली. मी त्यातून काही अर्थ काढत नाही; इतका वेळ थांबल्यामुळे सुकून पडली असेल. मामंजींचा मान पुढे मरेपर्यंत कोणी काढला नाही, हे मात्र खरं.

माझं लक्ष काकांच्या जागेकडे होतं. जायला-यायला लागावा त्याहून फार जास्त वेळ गेला. देवळाच्या बाजूच्या दारातून बाहेरचे माड दिसत. त्यांतल्या एकाला हात टेकून काका पाठमोरे उभे होते. मी भांडी घासताना महिनोन् महिने पाहिलेलं तेच उभं राहणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात सुतळी वळत बसले होते. काकी होत्या, त्यांची मुलं-सुना होत्या, आमच्याकडे जत्रेला आलेले पाहुणे होते. मी धोतरं वाळत घालत होते. मी आवाज अजिबात कमी केला नाही.

‘काका, धार बारीक येता काय?’

मामंजी ओटीवरून बघत होते. काकांनी सुतळीचा पीळ हातातच धरून ठेवला.

‘येता खंय,’ ते शेवटी म्हणाले. ‘थेंब थेंब पडता.’

‘पाणी तोडलास?’

‘व्हय.’

‘काकी, तेंका आदी पाणी देवा,’ मी म्हणाले. ‘मामंजी, गाडी जुपूक सांगा.’